मुंबईहून अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांसाठी: विमानतळ आणि सुरक्षा तपासणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाल्यावर काही महिन्यांसाठी तिकडे जाणारे आई-वडील आता महाराष्ट्राच्या लहानमोठ्या अनेक गावांत आहेत. त्यांचा प्रवास बहुधा मुंबईहून सुरू होतो, दुबई, अबू धाबी, दोहा किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलावे लागते, आणि मुलांच्या घराचे दार दिसेपर्यंत एक अख्खा दिवस उलटतो. तिकीट, व्हिसा आणि विमा मुले करून देतात; विमानतळावरच्या रांगांत मात्र आई-वडिलांनाच उभे राहावे लागते. तिथे गोंधळ उडतो तो बहुतेक वेळा पुढच्या टप्प्यावर काय होणार हे आधी कुणी सांगितलेले नसल्यामुळे. म्हणून ही उत्तरे प्रवास करणाऱ्यांनाच उद्देशून लिहिली आहेत. मुलांनी ती वाचावीत आणि आई-बाबांच्या हातीही द्यावीत, कारण ऐन वेळी फोनवर सांगितलेल्या दहा सूचनांपेक्षा घरी शांतपणे वाचलेला क्रम जास्त लक्षात राहतो. नियमांत अधूनमधून बदल होतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात विमान कंपनीच्या संकेतस्थळावरची यादी एकदा पुन्हा पाहावी.

तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० अशी वेळ छापली आहे. विमानतळावर कोणत्या दिवशी जायचे?

१४ तारखेला रात्री. मध्यरात्री बारा वाजता तारीख बदलते, त्यामुळे ००:४० म्हणजे १४ तारखेची रात्र संपून १५ तारीख सुरू झाल्यावरची चाळीस मिनिटे. मुंबईहून आखातात आणि युरोपात जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि १५ तारखेला रात्री सामान घेऊन पोहोचलेल्या प्रवाशाला आपले विमान आदल्या रात्रीच गेले हे तिथे कळते. यावर साधा उपाय असा की तिकीट हातात आल्याबरोबर घरच्या कॅलेंडरवर १४ तारखेच्या चौकटीत ‘आज रात्री साडेआठला विमानतळावर’ असे लिहून ठेवावे आणि गाडीवाल्यालाही विमानाची वेळ न सांगता घरून निघण्याची तारीख आणि वेळ सांगावी.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाची असते, हेही इथेच लक्षात घ्यावे. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मोबाईल नेटवर्कला किंवा वाय-फायला जोडला गेल्यावर सहसा आपोआप वेळ बदलतो, मनगटावरचे घड्याळ बदलत नाही. म्हणून पुढच्या विमानाची वेळ विमानतळावरच्या फलकावरील घड्याळाशीच ताडून पाहावी.

किती आधी पोहोचावे आणि नेमके कुठे?

अमेरिकेच्या प्रवासासाठी चार तास आधी पोहोचावे, असे माझे ठाम मत आहे. चेक-इन काउंटर सहसा उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो, आणि त्याआधीच्या तीन तासांतले बरेचसे वेगवेगळ्या रांगांत जातात. पुण्याहून, नाशिकहून किंवा कोल्हापूरहून येणाऱ्यांनी घाटातली आणि महामार्गावरची कोंडी वेगळी धरावी.

मुंबईहून आंतरराष्ट्रीय उड्डाणे सहार येथील छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या टर्मिनल २ वरून होतात. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आहे आणि दोन्हींमध्ये पायी जाता येत नाही. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, त्यामुळे नुसते ‘मुंबई’ वाचून निघू नये: तिकिटावर बीओएम ही अक्षरे असतील तर सहार, एनएमआय असतील तर नवी मुंबई. गोव्यातल्या वाचकांनाही दाबोळी आणि मोपा यांच्याबाबत हीच काळजी घ्यावी लागते. दाबोळीची अक्षरे जीओआय आणि मोपाची जीओएक्स आहेत.

दारापासून विमानापर्यंत कोणत्या क्रमाने काय होते?

प्रवेशद्वारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतात. निरोप द्यायला आलेली मंडळी इथेच थांबतात, म्हणून पाया पडणे, फोटो आणि शेवटच्या सूचना दाराबाहेर उरकून घ्याव्यात. आत गेल्यावर फलकावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधायचा. त्यासमोर चेक-इनच्या रांगेचे अक्षर असते. काउंटरवर मोठ्या बॅगा दिल्या की बोर्डिंग पास मिळतो. त्यानंतर इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्टवर देश सोडल्याचा शिक्का. भारतीय नागरिकांना यासाठी पूर्वी एक कार्ड भरावे लागत असे. ते जुलै २०१७ पासून बंद झाले आहे, तेव्हा फॉर्म कुठे मिळतो म्हणून शोधत फिरू नये. मग सुरक्षा तपासणी, आणि ती झाल्यावर दुकानांच्या गर्दीतून वाट काढत आपले गेट.

मुंबईच्या विमानतळावर प्रत्येक विमानाची घोषणा सगळीकडे ऐकू येईल अशी केली जात नाही. दुबईतही तसेच आहे. त्यामुळे ‘नाव पुकारतील तेव्हा उठू’ असे म्हणून खुर्चीवर डोळे मिटू नयेत. आधी गेटपर्यंत जाऊन ते डोळ्यांनी पाहून घ्यावे, मग चहा आणि प्रसाधनगृह. गेट सहसा उड्डाणाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी बंद होते, आणि बोर्डिंग पासवर छापलेले गेट बदलूही शकते, म्हणून अधूनमधून फलक पाहत राहावे.

जे वरचेवर ये-जा करतात त्यांच्यासाठी केंद्र सरकारची जलद इमिग्रेशनची योजना जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. ऑनलाइन अर्ज आणि बोटांचे ठसे दिल्यावर स्वयंचलित दारातून जाता येते. भारतीयांना त्यासाठी शुल्क नाही.

चेक-इन काउंटरवर काय विचारावे?

दोन गोष्टी. पहिली, ‘शेवटपर्यंतचे सगळे बोर्डिंग पास मिळाले का?’ दुसरी, ‘सामान कुठपर्यंत जाणार?’ बॅगेच्या मुठीला गुंडाळलेल्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरे मोठ्या ठशात असतात: शिकागोसाठी ओआरडी, न्यूअर्कसाठी ईडब्ल्यूआर, सॅन फ्रान्सिस्कोसाठी एसएफओ. ती वाचून घ्यावीत आणि त्या पट्टीची लहान पावती, जी बहुधा बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात, प्रवास संपेपर्यंत फेकू नये; सामान मागे राहिले तर शोध याच पावतीवरून लागतो.

सुरक्षा तपासणीत ट्रेमध्ये काय काय ठेवायचे?

मोबाईल, लॅपटॉप, टॅब्लेट, चार्जर, पॉवर बँक, किल्ल्या, सुटी नाणी, पट्टा आणि घड्याळ. रांगेत उभे असतानाच हे सगळे एका लहान कापडी पिशवीत गोळा केले, तर ट्रेजवळ खिसे उलटे करावे लागत नाहीत. भारतात लॅपटॉप आणि पॉवर बँक बॅगेतून बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवाव्या लागतात. पासपोर्ट आणि पैशांची पर्स ट्रेमध्ये उघडी न ठेवता हँडबॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावावी, आणि आपली बॅग यंत्रात सरकल्याशिवाय आपण पुढे सरकू नये. पलीकडच्या बाजूला बॅग उचलल्यावर लगेच चालू न पडता बाजूच्या बाकावर बसून पासपोर्ट, बोर्डिंग पास, मोबाईल आणि चष्मा या चार वस्तू हाताने चाचपून पाहाव्यात. मागे राहिलेल्या ट्रेमध्ये बहुधा यांपैकीच एखादी असते.

स्त्रियांची तपासणी पडद्याच्या खोलीत महिला जवानच करतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी उतरवण्याची सहसा गरज पडत नाही. यंत्र वाजलेच तर हातातल्या यंत्राने पुन्हा पाहतात.

कात्री, चाकू, सोलाणे आणि पानाच्या डब्यातला अडकित्ता मोठ्या बॅगेत ठेवावा. हँडबॅगेत सापडल्यास तो तिथेच सोडून द्यावा लागतो, आणि सासूबाईंकडून आलेला पितळी अडकित्ता असा गमवावा लागला तर जिवाला चटका लागतो.

याच्या उलट, पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही; ती हँडबॅगेतच हवी, कारण लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती विझवता येते, सामानाच्या कप्प्यात ते अवघड असते. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक सर्वसाधारणपणे चालते; बाजारातली २०,००० मिलिॲम्पिअर-तासांची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तासांची भरते. तिच्यावरचा हा आकडा पुसट झाला असेल तर ती नेऊ नये. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास आणि ती चार्ज करण्यास मनाई केली आहे, आणि इतरही काही कंपन्यांनी असे निर्बंध घातले आहेत. मोबाईल आसनाजवळच्या यूएसबीवर चार्ज करावा.

लोणचे आणि तूप हँडबॅगेत चालते का?

नाही. २००६ साली लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून केबिनमध्ये द्रव पदार्थांवर मर्यादा आली: प्रत्येक बाटली १०० मिलिलिटर किंवा लहान, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एका लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत. लोणचे, तूप, मध, दही, श्रीखंड, ओली चटणी आणि खोबरेल तेल हे सगळे या मर्यादेत येते. बाटली अर्धी रिकामी असली तरी तिच्यावर छापलेली क्षमता मोजतात. काही विमानतळांनी नवे स्कॅनर बसवून ही मर्यादा शिथिल केली आहे. पण प्रवासात तीन विमानतळ लागत असतील तर त्यांतल्या सर्वांत कडक विमानतळाचा नियम धरून पिशवी भरावी. पाण्याची रिकामी बाटली नेता येते आणि तपासणीनंतर भरून घेता येते.

पिठे आणि मसाले द्रव नसले तरी अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हँडबॅगेत असेल तर तिची वेगळी तपासणी होऊ शकते. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि शिकेकाई थेट मोठ्या बॅगेत भरावी.

मुलांसाठी फराळ आणि कोरडा शिधा न्यायचा आहे. काय टाळावे?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण मायेने भरलेल्या या डब्यांमुळेच अनेकांची बॅग विमानतळावर उघडली जाते.

सुके खोबरे नेऊ नये. खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते. पूजेच्या साहित्यातला कापूर आणि काडेपेटी ज्वलनशील असल्याने दोन्हीही मागे ठेवावीत. निघताना ओटीत मिळालेला नारळही घरीच देवापुढे ठेवावा.

आखातातून जाणार असाल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातींत खसखस बाळगणे हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. आपण तिथे फक्त विमान बदलत आहोत, ही सबब त्या कायद्यापुढे चालेल असे धरून चालू नये. मसाल्याच्या पुडीत किंवा लाडवांत खसखस घातलेली असेल तर तेही नको. अनारसे खसखशीवर थापतात, तेव्हा दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी अनारसे सोडून चिवडा, शंकरपाळे आणि चकल्या न्याव्यात.

अमेरिकेचे नियम शेतीचे रक्षण करण्यासाठी आहेत आणि ते कडक आहेत. ताजी फळे, ताज्या भाज्या, मांस आणि रोपे नेता येत नाहीत. हापूसची पेटी तर मुळीच नाही. २००७ पासून भारतीय आंबा अमेरिकेत जातो तो किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेला आणि तपासणी होऊन व्यापारी मार्गाने. लासलगावचे केंद्र याच कामासाठी ओळखले जाते. प्रवाशाच्या बॅगेतला आंबा जप्त होऊन नष्ट केला जातो. ताजा कढीपत्ताही चालत नाही, कारण लिंबूवर्गीय झाडांचा घातक रोग पसरवणारी कीड त्या पानांवर वाढते. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ आणि हरभरे प्रवासी सामानातून नेण्यास बंदी आहे. साठवलेल्या धान्याला लागणारा खापरा भुंगा त्यातून तिकडे जाईल अशी त्यांना भीती असते.

उरलेले सगळे, म्हणजे भाजलेले आणि तळलेले कोरडे पदार्थ, बंद पाकिटातले मसाले, पापड, चहा, कारखान्यात भरलेल्या पाकिटांत नेणे सोयीचे, कारण त्यावर इंग्रजीत नाव आणि घटक छापलेले असतात. घरी केलेल्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवावी. आणि कस्टमच्या अधिकाऱ्याने खाण्याचे काही आहे का, असे विचारल्यावर ‘हो’ म्हणावे. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात आणि विषय संपतो. लपवलेली सापडली तर पहिल्याच वेळीही ३०० डॉलर किंवा त्याहून अधिक दंड होऊ शकतो.

औषधे किती आणि कशी न्यावीत?

संपूर्ण मुक्कामाची औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. त्यांतली किमान पंधरा दिवसांची हँडबॅगेत असावीत, कारण मोठी बॅग उशिरा येऊ शकते. इन्सुलिन हँडबॅगेतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यातल्या थंडीने ते गोठले तर निकामी होते. इन्सुलिन आणि आवश्यक पातळ औषधांना १०० मिलिलिटरची मर्यादा लागू होत नाही, परंतु तपासणीपूर्वी ती बाहेर काढून दाखवावी लागतात. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके अमिरातींत नियंत्रित आहेत आणि त्यांना आधी परवानगी लागते. शक्य असेल तर डॉक्टरांशी बोलून पर्यायी औषध घ्यावे.

गुडघ्याची वाटी बदललेली आहे किंवा पेसमेकर आहे. यंत्र वाजेल का?

धातूचा सांधा असल्यास यंत्र वाजणे स्वाभाविक आहे. आत पाऊल टाकण्यापूर्वीच गुडघ्याला हात लावून ‘मेटल’ एवढे म्हटले तरी पुरते. मग हाताने तपासणी करतात. पेसमेकर असलेल्यांनी त्याचे कार्ड दाखवून हाताने तपासणी करण्याची विनंती करावी.

दागिने आणि रोख रकमेचे काय?

अंगावर रोजचे तेवढेच दागिने ठेवावेत. मौल्यवान दागिने न्यायचेच असतील तर जाताना मुंबईतच कस्टमच्या अधिकाऱ्यांना ते दाखवून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परत येताना ते तिकडे विकत घेतल्याची शंका आणि शुल्काचा प्रश्न येत नाही. त्यासाठी वेळ हाताशी ठेवून जावे. भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंत बाहेर नेता येते. अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा अधिक रोख असेल तर ती जाहीर करणे बंधनकारक आहे.

व्हीलचेअर मागावी का?

गुडघे दुखत असतील, दम लागत असेल किंवा बराच वेळ उभे राहवत नसेल तर नक्की मागावी, आणि त्यात लाज वाटून घेऊ नये. मोठ्या विमानतळांवर एका गेटपासून दुसऱ्यापर्यंत खूप चालावे लागते. ही सेवा विमान कंपनी मोफत देते. ती तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी नोंदवून घ्यावी, आणि पायऱ्या चढता येतात की नाही तेही सांगावे, कारण त्यानुसार व्यवस्था वेगवेगळी असते.

केवळ इंग्रजी येत नाही म्हणून व्हीलचेअर मागण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. मनुष्यबळ मोजके असते आणि ज्यांना खरोखर चालता येत नाही ते विमानाच्या दारात ताटकळत राहतात. धडधाकट पण गोंधळून जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी काही कंपन्यांकडे आणि विमानतळांकडे सोबतीची वेगळी सेवा असते, कुठे मोफत तर कुठे पैसे देऊन. मुलांनी तिची चौकशी करावी.

व्हीलचेअर ढकलणारा मदतनीस वाटेत बदलतो आणि कधीकधी प्रवाशांना एका ठिकाणी बसवून जातो. तो जाण्याआधी पुन्हा कधी येणार, हे विचारावे. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवायला द्यावेत, पण काम झाल्यावर लगेच परत घ्यावेत.

इंग्रजी जेमतेम येते. रस्ता चुकल्यास काय करावे?

एक कागद तयार ठेवावा. मुलांनी तो इंग्रजीत छापावा आणि मागच्या बाजूला तेच मराठीत लिहावे, म्हणजे आपण काय दाखवत आहोत हे आई-बाबांनाही कळते. मजकूर एवढाच हवा: ‘मला इंग्रजी कमी समजते. मी मुंबईहून आलो आहे आणि मला शिकागोच्या विमानाने जायचे आहे. कृपया मला माझ्या गेटचा रस्ता दाखवा.’ त्याखाली दोन्ही विमानांचे क्रमांक, मुलाचे नाव, देशाच्या संकेतांकासह फोन आणि अमेरिकेतला पत्ता. मोबाईलची बॅटरी संपली तरी हा कागद कामाला येतो. आखातातल्या विमानतळांवर हिंदी समजणारे कर्मचारी भरपूर असतात, त्यांच्याशी निःसंकोच हिंदीत बोलावे.

दोघे मिळून जात असाल तर प्रत्येकाकडे स्वतंत्र कागद, स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा बोर्डिंग पास असावा. सगळी कागदपत्रे बाबांच्या खिशात आणि आई दुसऱ्या रांगेत, असे तपासणीच्या ठिकाणी हमखास होते, कारण अनेक ठिकाणी स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात. चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे तेही ठरवून ठेवावे. दोह्याला मधोमध दिव्याखाली बसलेले सुमारे तेवीस फुटी पिवळे अस्वल आहे. ती खूण कुणालाही सापडते.

विमान बदलताना कोणत्या पाटीमागे जायचे?

‘ट्रान्सफर’ किंवा ‘कनेक्शन’ असे लिहिलेल्या. ‘अरायव्हल’ आणि ‘बॅगेज’ या पाट्या त्या शहरात उतरणाऱ्यांसाठी असतात. मोठे सामान इथे घ्यायचे नाही. सुरक्षा तपासणी मात्र पुन्हा होते, म्हणून विमानात मिळालेली पाण्याची बाटली आधीच संपवावी. दुबईला टर्मिनल ३ मध्ये ए, बी आणि सी असे भाग आहेत. गेटच्या आकड्यापूर्वीचे अक्षर कोणत्या भागात जायचे ते सांगते आणि ए भागाकडे जाण्यासाठी गाडी असते. अमेरिकेच्या विमानांसाठी गेटजवळ आणखी एकदा कागदपत्रे किंवा सामान तपासण्याची शक्यता असते, म्हणून तिथे लवकर पोहोचावे. दोन विमानांमध्ये निदान तीन तास असतील असेच तिकीट ज्येष्ठांसाठी काढावे.

दुबईहून व्हॉट्सॲपवर फोन लागत नाही. काही बिघडले आहे का?

काही बिघडलेले नाही. अमिरातींत व्हॉट्सॲपवरून बोलणे सहसा होत नाही. लिहिलेले आणि आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवलेले संदेश जातात. हे आधी माहीत नसल्याने इकडे मुले आणि तिकडे आई-बाबा दोघेही तासन्‌तास काळजीत पडतात. ‘पोहोचलो, गेट सापडले’ एवढा आवाजी संदेश पाठवावा, असे घरीच ठरवून घ्यावे.

बोर्डिंग पासवर इंग्रजी ‘एस’ हे अक्षर चार वेळा छापले आहे. हे काय?

अमेरिकेच्या विमानासाठी आपली जादा तपासणी होणार, एवढाच त्याचा अर्थ. बॅग उघडून पाहतात, हातांवरून आणि वस्तूंवरून एक कापडी पट्टी फिरवून ती यंत्रात घालतात. तपासणी संपल्यावर प्रवास नेहमीसारखाच होतो. गेटवर मात्र लवकर जावे.

मधल्या देशाचा व्हिसा लागतो का?

दुबई, अबू धाबी किंवा दोह्याला विमानतळाबाहेर न पडता त्याच तिकिटावर पुढे जाणाऱ्यांना लागत नाही. लंडन किंवा जर्मनीमार्गे जाताना वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयांना विमानतळाच्या आतल्या भागातून जाण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकी व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट बरोबर हवेत.

अबू धाबीहून गेल्यास अमेरिकेचे इमिग्रेशन तिथेच होते, हे खरे का?

खरे आहे. तिथे जानेवारी २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी बसतात आणि अमेरिकेच्या विमानात चढण्यापूर्वीच इमिग्रेशन आणि कस्टम उरकते. आयर्लंडमध्ये डब्लिन आणि शॅननलाही ही सोय आहे. अमेरिकेत उतरल्यावर मग देशांतर्गत प्रवाशासारखे थेट बाहेर पडता येते. ज्येष्ठांसाठी मला हा मार्ग सोयीचा वाटतो. मात्र या रांगेसाठी अबू धाबीत वेळ भरपूर हवा, दीड-दोन तासांचा थांबा अपुरा पडू शकतो.

अमेरिकेच्या इमिग्रेशनमध्ये काय विचारतात?

कशासाठी आलात, कुणाकडे राहणार, किती दिवस, आणि क्वचित भारतात काय करता. बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. उत्तरे खरी आणि थोडक्यात द्यावीत: मुलाकडे राहायला आलो आहोत, अमुक तारखेचे परतीचे तिकीट आहे. परतीच्या तिकिटाची छापील प्रत हाताशी ठेवावी. प्रश्न समजला नाही तर अंदाजाने ‘येस’ म्हणू नये. ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ असे सांगून दुभाषा मागावा, त्यात कमीपणा नाही.

व्हिसा दहा वर्षांचा असला तरी दहा वर्षे राहता येत नाही. किती दिवस राहता येईल ते हा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत असते. मुलांनी दोन-तीन दिवसांत ती नोंद उघडून तारीख तपासावी आणि परतीचे तिकीट त्याआधीचे असल्याची खात्री करावी.

सामान शेवटच्या शहरापर्यंत दिले असताना मध्येच का घ्यावे लागते?

कारण कस्टमची तपासणी अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर होते. न्यूअर्कला उतरून पुढे ऑस्टिनला जायचे असेल, तर न्यूअर्कच्या पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर न्यायच्या आणि दाराबाहेरच असलेल्या काउंटरवर पुन्हा सोपवायच्या. यानंतर आणखी एकदा सुरक्षा तपासणी असते. वाटेत घेतलेली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी अत्तराची किंवा मद्याची बाटली हा टप्पा येण्यापूर्वीच मोठ्या बॅगेत टाकावी. बूट काढण्याची सक्ती तिथे जुलै २०२५ पासून उठली आहे, तरी सांगितल्यास काढावे लागतात.

पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले तर?

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पुढच्या विमानाची सोय कंपनीने करायची असते. ‘ट्रान्सफर’च्या काउंटरवर जाऊन दोन्ही बोर्डिंग पास दाखवावेत. तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील तर ही जबाबदारी सहसा कुणी घेत नाही. चार पैसे वाचवण्यासाठी आई-वडिलांना तुटक तिकिटांवर पाठवू नये, अशी मुलांना कळकळीची विनंती आहे.

बाहेर आल्यावर मुले दिसली नाहीत तर?

दारासमोरच्याच जागी, सामानासह बसून राहावे. मुले बहुधा गाडी लावत असतात किंवा दुसऱ्या दाराशी उभी असतात, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना शोधत फिरू लागले की वेळ वाढतो. विमानतळाचे वाय-फाय जोडावे. इथे व्हॉट्सॲपवर बोलता येते. ते जमले नाही तर शेजारच्या कुटुंबाला किंवा माहिती कक्षातल्या कर्मचाऱ्याला तो छापील कागद दाखवून त्यावरच्या क्रमांकावर फोन लावून देण्यास सांगावे, आणि आपण कोणत्या टर्मिनलच्या कोणत्या दाराजवळ बसलो आहोत ते दारावरच्या पाटीवरून वाचून मुलांना कळवावे.